मामाने स्वतःचं काढलेलं चित्र: भिंतीवर लावू की नको?

तांबडीमाती
माझे मोठे मामा गेल्या वर्षी गेले. फोंड्याच्या आसपास सगळे त्यांना पेंटर म्हणूनच हाक मारायचे. दुकानांचे बोर्ड, ट्रकच्या मागचं लिखाण, जत्रेतल्या नाटकांचे पडदे, हाच आयुष्यभराचा धंदा. माणूस म्हणाल तर एक नंबरचा गमत्या. मयताला गेले तरी चार लोकांना हसवून येणार.

आता पावसाआधी घर आवरताना कपाटाच्या मागे एक प्लायचा तुकडा सापडला. साधारण दोन फूट बाय दीड. त्यावर मामांनी स्वतःचंच चित्र काढलंय, ऑइलमध्ये. वय चाळीसच्या आसपास वाटतं. हे काढलंय असं घरात कोणाला माहीतसुद्धा नव्हतं. आणि गंमत नाही हो त्यात काही. डोळे बारीक केलेले, कपाळाला आठी, ओठ घट्ट मिटलेले, आणि नजर अशी की आपण काहीतरी चोरताना सापडलोय. आई बघून रडली. मामी म्हणाली हे माझ्या घरात लागणार नाही, हा माझा नवराच नव्हे.

तर प्रश्न असा की चित्रकार स्वतःचं चित्र काढतो तेव्हा आतला खरा माणूस बाहेर येतो का? म्हणजे आम्ही पाहिला तो गमत्या मामा खोटा आणि हा खरा? आणि लावू की नको ते पण सांगा.

ता.क. प्लायच्या मागच्या बाजूला जुन्या बोर्डाची अक्षरं आहेत. बोर्ड कापून वापरलाय. मोठ्या लाल अक्षरांत लिहिलंय 'लावू नये'.

कदंबा_लेट
मग प्रश्नच मिटला की. मामांनी उत्तर आधीच लिहून ठेवलंय.

उकडेपेज
:D :D कदंबा, आज वेळेवर आलास.

शुद्धलेखन_पोलीस
मूळ वाक्य 'येथे वाहने लावू नयेत' असं असणार. वाहने अनेकवचन, म्हणून नयेत हवं. पेंटर लोकांनी गोव्यातल्या मराठीची जी वाट लावली आहे ती

तांबडीमाती
@पोलीस, प्लाय कापलाय हो तिथे. 'ये' च्या पुढे करवतीची धार दिसते. मयत माणसाच्या चुका काढू नका.

अबोली_
वाचून अंगावर काटा आला. माझे वडील असेच होते, बाहेर हसरे आणि घरात तासन् तास गप्प. मला वाटतं मामांना काहीतरी सलत असणार. पेंटर व्हायचं होतं की आर्टिस्ट? मुंबईला जेजे आर्ट स्कूलला जायची इच्छा होती का वगैरे घरात विचारून बघ. असे कितीतरी लोक बोर्ड रंगवत राहिले आणि मनातलं मनात राहिलं.

तांबडीमाती
आई म्हणते जायचं होतं. आजोबांनी नाही म्हटलं. म्हणून तर ती रडली.

साळगावचो
आता सौझाचं नाव निघायलाच हवं. आमच्याच गावचा. फ्रान्सिस न्यूटन सौझा, जन्म १९२४, साळगाव. लहानपणी देवी आल्या, वाचला, म्हणून आईने गोंयच्या सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं, फ्रान्सिस नाव मागून जोडलं. चेहऱ्यावर वण राहिले. जेजेमधून काढून टाकलं, १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला, आणि १९४९ मध्ये स्वतःचं पूर्ण नागडं चित्र मुंबईत प्रदर्शनाला दिलं. अश्लील म्हणून ते खाली उतरवलं. त्याच वर्षी गडी लंडनला गेला.

विचार करा, ज्या काळात आपले लोक फोटो काढायला कोट भाड्याने आणायचे त्या काळात हा कपडे काढून उभा. वर पुढच्या दहा वर्षांत जी डोकी रंगवली त्यात डोळे कपाळात, दात बाहेर, गालांवर ठिपके आणि खाचा. माझ्या मते ती सगळी डोकी त्याचीच आहेत. देवीचे वण लपवायचे सोडून त्याने जगाच्या तोंडावर उमटवले. आता बोला आत्मचित्र खरं असतं की नाही.

नुस्तेंशीत
साळगावच्या माणसाने सौझाबद्दल बोलताना फेस्ताच्या दिवशी बोलल्यासारखं बोलणं साहजिक आहे, पण थोडं थांबूया. गालावर ठिपका दिसला की देवी, गळ्यात बाण दिसला की सेंट सेबॅस्टियन (बाण मारून छळलेला ख्रिस्ती संत) म्हणजे तो स्वतः, हे फार सोपं गणित झालं. त्याचं १९५५ चं 'मिस्टर सेबॅस्टियन' बघा, काळा कोट घातलेला साहेब आणि बाण रुतलेले. हा कोण? सौझा? की ज्यांच्यावर त्याचा राग होता ते कोटवाले? दोन्ही असू शकतं. रेषेच्या बाजूने बारीक आडव्या रेघा मारत जायची त्याची पद्धतच होती, झाडांना पण मारायचा, इमारतींना पण. मग म्हापशाच्या बाजारातल्या झाडाला पण देवी आल्या होत्या का?

आणि सौझा पक्का होता. स्वतःबद्दल काय लिहायचं, लोकांनी आपल्याला कसं बघायचं, हे त्याला बरोबर कळायचं. नागडं चित्र हा पण एक वेषच आहे. 'बघा मी किती निर्लज्ज' हा वेष.

साळगावचो
झाडाला देवी :D मान्य. पण वेष म्हणून का होईना, तोच का घेतला हा प्रश्न राहतोच ना. दुसऱ्याने राजाचा घेतला असता.

नुस्तेंशीत
हां, हे बरोबर. जर्मन चित्रकार ड्यूररने १५०० साली स्वतःच्या चित्रात घेतलाच की. अठ्ठावीस वर्षांचा पोरगा, समोर तोंड करून, केस खांद्यावर, हात छातीशी, थेट येशूसारखा. आजच्या भाषेत डीपी.

कदंबा_लेट
माझ्या मेव्हण्याचा डीपी वाघ आहे. वहिनीला विचारा आतला माणूस कोण ते.

मूर्तिशाळा
आमची तीन पिढ्यांची गणपतीची चित्रशाळा आहे, डिचोलीच्या बाजूला. मी शिकलेला नाही जास्त, पण एक सांगतो. चवथीच्या आधी पंधरा दिवस शाळेत पाच सहा जण रंगवायला असतात पण डोळ्यांची आखणी एकटे बाबाच करतात, आता हात थरथरतो तरी. आणि गावातला कोणीही येऊन मूर्ती बघून सांगतो की ही तुमच्या शाळेतली. कसं? तर डोळ्यांवरून. आमच्या गणपतीची वरची पापणी जरा जड असते, झोपेतून उठल्यासारखी. आता माझ्या बाबांचा, आज्याचा आणि माझा फोटो शेजारी ठेवा. तिघांची पापणी तशीच. कोणी ठरवून केलेलं नाही. हाताला सवय चेहऱ्याची, आणि चेहरा रोज आरशात बघतो तो.

तेव्हा माझं म्हणणं, स्वतःचं चित्र काढायला बसलं की माणूस सावध होतो. दुसऱ्याचं काढताना सावध नसतो, तेव्हा तो जास्त दिसतो. तुझ्या मामांनी नाटकाच्या पडद्यावर राजे रंगवले असतील तर ते बघ.

उकडेपेज
मूर्तिशाळा यांचा प्रतिसाद सगळ्यात आवडला.

नुस्तेंशीत
+१. इटलीत पंधराव्या शतकात अशीच म्हण होती, प्रत्येक चित्रकार स्वतःलाच रंगवतो म्हणून. तिकडे ती टोमणा म्हणून वापरायचे, याची सगळी माणसं याच्यासारखीच दिसतात अशा अर्थाने.

आपल्याकडे चित्रकार आंजेलो द फोन्सेकांचं बघा. जन्म १९०२, सांतएस्तेवचे, शांतिनिकेतनला अवनींद्रनाथ आणि नंदलाल बोसांकडे शिकले. मारिया, म्हणजे येशूची आई, रंगवली ती साडी नेसलेली, आपल्या बायांसारखी बसलेली. त्या काळी गोव्यातल्या धर्ममंडळींना ते पचलं नाही आणि हा माणूस आयुष्य पुण्याला आश्रमात काढून १९६७ मध्ये तिकडेच गेला. त्यांच्या नंतरच्या मारियेत बायकोचा चेहरा आहे म्हणतात. फोन्सेका कोण होते ते मला त्या मारियेत जास्त कळतं.

पर्वरीची_पोर
आता जरा टेक्निकल. मी आल्तिनोला आर्ट कॉलेजला होते. पहिल्या वर्षी आरसा घेऊन स्वतःचं डोकं काढायला लावतात. चाळीस मुलांची चित्रं भिंतीवर लावली तेव्हा पोलीस स्टेशनात लावतात ना फरारी लोकांचे फोटो, तसा देखावा होता. सगळे रागावलेले, सगळे संशयी. का? तर तीन तास हसत बसून दाखवा. पहिल्या पाच मिनिटांत गाल दुखतात, हसू गळून पडतं, मग राहतो तो नुसता बघणारा चेहरा. परत आरशाकडे बघायचं, कागदाकडे बघायचं, परत आरशाकडे, म्हणून डोळे नेहमी तिरपे आणि टोचणारे. ती नजर आपल्याकडे नसतेच. माप घेणारी नजर आहे ती, शिंपी टेप लावताना बघतो तशी.

म्हणून 'आठी म्हणजे दुःख' हे लगेच ठरवू नका. दुःख असेलही. पण आधी ते आरशातून काढलंय की फोटोवरून, ते बघूया. तांबडीमाती, शर्टाचा खिसा कुठल्या बाजूला आहे?

तांबडीमाती
खिसा? चित्रात बघणाऱ्याच्या उजव्या हाताला. पेन पण आहे त्यात.

पर्वरीची_पोर
म्हणजे त्यांच्या डाव्या छातीवर, जसा असायला पाहिजे तसा. आरशात बघून काढला असता तर तो तुझ्या डाव्या हाताला आला असता. म्हणजे फोटोवरून काढलंय. फोटोवरून असेल तर माझी वरची सगळी थिअरी बाद.

अबोली_
मग आठी खरी. फोटोतही हसले नाहीत म्हणजे.

तांबडीमाती
थांबा थांबा. मामांच्या डाव्या भुवईवर शिडीवरून पडल्याची खूण होती, तीन टाके. चित्रात ती माझ्या डाव्या हाताला आहे. म्हणजे खूण उलटी आणि खिसा सुलटा???

पर्वरीची_पोर
अरे वा!! मग चेहरा आरशातून आणि शर्ट डोक्यातून. बोर्डावर आणि पडद्यावर शेकडो माणसं रंगवलेला हात आहे, शर्ट म्हटलं की तो आपोआप काढणार, बघायची गरजच नाही. चेहरा मात्र बघून बघून काढलाय. डच चित्रकार रेम्ब्राँचं लंडनला केनवूड हाऊसमध्ये एक आत्मचित्र आहे, मागे दोन मोठी वर्तुळं असलेलं. त्याचा एक्सरे काढला तर कळलं की आधी ब्रश दुसऱ्या हातात होता, आरशात दिसतो तसा, मग त्याने तो बुजवून नीट हातात दिला. उलट व्हॅन गॉगने बदललं नाही. कापला डावा कान, डिसेंबर १८८८ मध्ये, आणि जानेवारीतल्या चित्रात पट्टी उजव्या कानाला दिसते. आमच्या वर्गात अर्धी मुलं त्यामुळे परीक्षेत चुकली होती.

जुनापोस्टमन
रेम्ब्राँचा विषय निघालाच आहे तर एक. त्याची म्हातारपणीची चित्रं बघून लोक फार भारावतात, दिवाळं निघालेला (१६५६), बायको गेलेली, एकटा म्हातारा स्वतःच्या आत बघतोय वगैरे. मी पण भारावायचो. मग कळलं की त्या काळी प्रसिद्ध चित्रकाराचं आत्मचित्र विकत घेणारं गिऱ्हाईक असायचं. चित्रकाराचा चेहरा पण आणि त्याचा हात पण, एका पैशात दोन्ही. चाळीसेक पेंटिंग्ज काय सगळी ध्यान लावून नाही काढलीत. आणि व्हॅन गॉग पॅरिसला दोन वर्षांत पंचवीसच्या वर स्वतःला काढून बसला ते मॉडेलला द्यायला पैसे नव्हते म्हणून. आरसा फुकट. मेक्सिकोच्या चित्रकार फ्रिडा काहलोचं तर बसच्या अपघातानंतर पलंगाच्या वर आरसाच लावून दिलेला, दुसरं दिसणार काय.

म्हणून मी म्हणतो चित्र बघण्याआधी खिसा बघावा, शर्टाचा नव्हे, पैशांचा.

साळगावचो
पोस्टमन, बाब, सगळं खरं पण आरसा फुकट असला म्हणून कोणी पंचवीस वेळा बसत नाही. मी दाढी करताना एकदा बघतो तेच पुरे होतं.

पणजीपाव
विषयांतर. पणजीत फोंतेन्हासमध्ये फुंदासांव ओरिएंत या संस्थेत चित्रकार त्रिंदादांची चित्रं ठेवलेली आहेत, कोणी बघितली नसतील तर बघा. आंतोनियो शावियर त्रिंदाद, सांग्याचे, जेजेत शिकले आणि तिथेच शिकवलं. पोर्ट्रेट म्हणजे काय ते तिथे कळतं. मुलगी आंजेला पण चित्रकार झाली. आणि बाहेर आल्यावर भूक लागली तर

कदंबा_लेट
तर काय? अर्धवट सोडून जेवायला गेला वाटतं.

तांबडीमाती
एक मदत हवी. चित्रावर बुरशी धरलीय कडेने, आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना दोन तांबूस डाग आहेत, तांदळाच्या दाण्याएवढे. साफ कसं करू? पाऊस सुरू झाला की वाढणार.

उकडेपेज
कच्चा बटाटा कापून हळू फिरव. माझ्या आजीचा उपाय. आरसे पण चकाचक.

पर्वरीची_पोर
नको!!!! बटाटा नको, पावाचा गर नको, ओलं फडकं नको, टर्पेंटाईन तर अजिबात नको. बटाट्याचं पाणी आणि स्टार्च रंगात बसतो, मग बुरशीला जेवणच. कोरड्या मऊ ब्रशने, घरात नव्हे तर बाहेर ओसरीवर, चित्र उभं धरून कडेची बुरशी झाड, तोंडाला कपडा बांध. मग हवा लागेल अशा जागी ठेव. बाहेरच्या भिंतीवर लावू नको, गोव्यात पावसात ती भिंत आतून घामेजते. आतली भिंत बघ आणि मागे बुचाचे चार तुकडे चिकटव म्हणजे भिंतीला टेकणार नाही. नाकावरच्या डागांना हात लावू नको, आधी फोटो टाक.

उकडेपेज
आजीचा अपमान सहन केला जाणार नाही. (पण नको लावू बटाटा.)

मूर्तिशाळा
डाग रंगाच्या वर आहेत की रंगातच? नखाने नको, भिंगातून बघ. बुरशी असेल तर वर लवेसारखी दिसते.

तांबडीमाती
भिंग नाही, मोबाईलने झूम केलं. लव नाही. गुळगुळीत आहे. एका बाजूला ब्रशचा केस पण रुतलाय त्यात. मुद्दाम रंगवल्यासारखं वाटतं. पण का रंगवेल कोण असं?

(दोन दिवसांनी)

तांबडीमाती
ऐका आता. काल मामीला परत दाखवायला नेलं. तिने चष्मा लावला, लांब धरलं, जवळ धरलं आणि म्हणाली, "अगो, चष्मा काढलान बघ ह्यांनी."

मामांना पंचविशीपासून जाड भिंगाचा चष्मा. आम्ही कोणी त्यांना बिनचष्म्याचे बघितलेलेच नाहीत, झोपताना सोडून. आरशासमोर काढला असणार, कारण मामी म्हणते काच चमकते ती रंगवायला येत नाही म्हणून ते बोर्डावर गांधीजी काढायचे तेव्हापण कुरकुरायचे. आणि बिनचष्म्याचं त्यांना हातभरावरचं दिसत नसे. डोळे बारीक करून, कपाळ आवळून बघायचे. म्हणून ती आठी. राग नाही, दुःख नाही, जेजे नाही, काहीच नाही. माणूस आरशात स्वतःला शोधत होता!

आणि ते दोन तांबूस डाग म्हणजे चष्म्याचे नाकावरचे खळगे. चष्मा काढला, पण खळगे काढले नाहीत, होते तसे रंगवले.

पर्वरीची_पोर
बटाटा फिरवला असतास तर!!

उकडेपेज
मी आता काही दिवस इथे दिसणार नाही.

अबोली_
मी माझी जेजेची कथा मागे घेते. पण अर्धीच. चष्मा काढूनच स्वतःला बघायचं का वाटलं त्यांना, हे राहतंच. आणि कपाटामागे का ठेवलं?

जुनापोस्टमन
अबोली, कपाटामागे ठेवलं कारण गिऱ्हाईक नव्हतं. मी म्हटलं होतं ना.

नुस्तेंशीत
शर्ट न बघता काढला आणि नाकावरचा खळगा मात्र बघून काढला. मला यात मामा पुरेसे भेटले. मी कालपर्यंत वेष वेष करत होतो, पण चाळीस वॅटच्या बल्बखाली (बहुतेक) बिनचष्म्याचा बसून नाकावरचा खळगा शोधणारा माणूस काही वेष घेऊन बसलेला नाही.

साळगावचो
म्हणजे शेवटी माझंच खरं. वण लपवायचे नाहीत. व्हिवा साळगाव.

शुद्धलेखन_पोलीस
'चष्मा काढला' या क्रियापदात श्लेष आहे हे कोणाच्या लक्षात आलं का? काढणे म्हणजे उतरवणे आणि काढणे म्हणजे रेखाटणे. मामांनी चष्मा काढला पण काढला नाही.

कदंबा_लेट
पोलीस आज सुट्टीवर आहेत वाटतं, चक्क विनोद.

तांबडीमाती
मामीने लावायला सांगितलंय. बाहेरच्या खोलीत नको म्हणाली, लोक घाबरतील. स्वयंपाकघराकडे जायच्या वाटेवर, घड्याळाखाली, आतल्या भिंतीवर. बुचाचे तुकडे चिकटवले. आई म्हणते चहाला उठताना आता रोज हे असे बारीक डोळे करून बघणार, साखर किती घातली म्हणून.

देव बरें करूं सगळ्यांचं. आणि @पोलीस, तुमच्यासाठी खास. परसातल्या पंपाच्या खोक्याला एक प्लायची पट्टी ठोकलेली आहे, वीतभर रुंद. आज सहज उलटी करून बघितली. लाल रंगात मोठा 'त' आहे. नयेत होतं.